दोन पट्ट्या खाली

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरात संगीताचा कान एकट्या मलाच आहे, अशी गेल्या महिन्यापर्यंत माझी ठाम समजूत होती. वीस वर्षं ट्रंपेट वाजवतोय मी! तोही जॅझ!

आमचा बँडमास्टर मात्र महाखवचट. तालमीत सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे, जॅझमध्ये आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं असतं. तुला दरवेळी तेच चार सूर कसे सुचतात? पियानो शीक. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, डोळ्यांसमोर दिसल्या की डोकं चालेल."

"हात्तिच्या! महिन्याभरात शिकतो!" मी म्हणालो.

दुकानदाराने एकसष्ट पट्ट्यांचा सुटसुटीत कीबोर्ड पुढे केला. "सुरुवातीला हा पुरे, साहेब."

"सुरुवात? माझी?" मी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा उचलला. म्हणजे दोन हमालांनी उचलला. घरात तो जेवणाच्या टेबलाशिवाय कुठेच मावेना.

"अहो, आता ताटं काय तुमच्या डोक्यावर मांडू?" बायकोने विचारलं. तेव्हापासून आम्ही ओट्याशी उभे राहून जेवतो.

आता गंमत ऐका. ट्रंपेटवर ज्याला 'सी' म्हणतात, तो सूर पियानोवर दोन पट्ट्या खाली सापडतो. म्हणजे ट्रंपेटसाठी लिहिलेले माझे सुरांचे कागद पियानोवर वाजवायचे तर प्रत्येक सूर मनातल्या मनात सरकवायचा. खरा सराव तोच. पण या कीबोर्डला एक बटण होतं! दोनदा दाबलं की अख्खा कीबोर्ड आपणहून दोन पट्ट्या खाली बोलतो. मी दाबलं आणि डोक्याला सुट्टी दिली.

त्याच कीबोर्डवर सूर धरून आमची लेक गाण्याचा सराव करायची. शाळेच्या कार्यक्रमात एकटीने गाणं म्हणायला एकच मुलगी निवडणार होते. पोरगी तीन आठवडे त्या गाण्यापलीकडे बोलत नव्हती. वरचा सूर तर असा लागायचा की बायको पोळी लाटायची थांबायची.

निवडीच्या दिवशी पालक मागे बसले होते. संगीताच्या सरांनी पियानोवर साथ धरली. लेकीने गायला सुरुवात केली आणि वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला! दोनदा! ती रडतच खाली उतरली.

मी ताडकन उठलो. "सर, तुमचा पियानो चढलाय! मला कान आहे, कान!"

"परवाच लावून घेतलाय हो," सर बिचारे म्हणाले.

"लावणाऱ्याला बोलवा! तोवर निवड थांबवा!"

दुसऱ्या दिवशी पियानो लावणारे काका आले. मी तोऱ्यात शेजारी उभा. त्यांनी अर्धा तास एकेक सूर तपासला आणि चष्मा पुसत म्हणाले, "पियानो ठणठणीत आहे. मुलगी घरी कशावर गाते?"

"कीबोर्डवर."

"त्याचं सूर सरकवायचं बटण दाबलेलं तर नाही ना, बघितलंत?"

म्हणजे पोरगी तीन आठवडे दोन पट्ट्या खालीच गात होती! "बघतो," एवढंच पुटपुटलो आणि सरांची नजर चुकवून सटकलो.

आता तुम्ही म्हणाल, घरी जाऊन पोरीपुढे कबूल केलं असेल. कसलं काय! मी गुपचूप बटण दाबून सूर जागेवर आणले आणि पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने लेक डोळे पुसून कीबोर्डपाशी बसली. गायला लागली. वरच्या सुराला पुन्हा आवाज फाटला.

"आई, आता घरीसुद्धा लागत नाही गं! माझा गळाच गेला! मी नाव काढून घेते!"

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. शेवटी सगळं ओकलो. बटण, काका, पेपर, सगळं.

बायकोने फक्त माझ्या हातातला पेपर काढून घेतला. ती ओरडली असती तर परवडलं असतं. लेकीने मात्र हुंदका गिळून विचारलं, "म्हणजे माझा गळा चांगला आहे?"

"सोन्यासारखा आहे, बाळा."

तिघंही तसेच शाळेत गेलो. मी सरांची हात जोडून माफी मागितली. सर भला माणूस. म्हणाले, "असू दे हो. खालच्या पट्टीत गाऊ दे तिला. माझं बोट आत्ताच दारात चेमटलंय, पण तुम्ही पियानो शिकताय ना? बसा साथीला. दोन पट्ट्या खाली वाजवा."

मी बसलो. पट्ट्यांकडे पाहिलं. पट्ट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून पियानोच्या अंगाखांद्यावर हात फिरवू लागलो.

"काय शोधताय?" सरांनी विचारलं.

"सर, बाबांना बटणाशिवाय येत नाही," लेक म्हणाली. "मी तशीच गाते."

आणि गायली हो! साथीशिवाय, एकटीच, बरोबर दोन पट्ट्या खाली! वरचा सूर असा लागला की सर दुखरं बोट विसरून टाळ्या वाजवायला लागले. निवड तिथल्या तिथे झाली.

"काय कान आहे पोरीला!" सर म्हणाले. "कुणावर गेलीय?"

मी कॉलर सावरून तोंड उघडणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "आईवर."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?