शंभर गुणांची गाडी

गाडी विकायची नाही, हे मी जेवता जेवता ठरवलं. नुसतं ठरवलं असतं तरी चाललं असतं, पण तोंडात घास असतानाच बोलूनही टाकलं. (माझे बहुतेक निर्णय असेच झालेत. शाळा सोडायचा निर्णय मी वर्गाच्या खिडकीत बसून घेतला आणि त्याच खिडकीतून अमलात आणला.)

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो याच वर्षी गेला. गाडीने नाही, तापाने, दवाखान्याच्या पलंगावर. हे आधीच सांगतो, कारण विम्याचं नाव काढलं की समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि मग मला उगाच घसा खाकरावा लागतो.

"विकायची नाही, मग चालवणार कोण?" बाबांनी विचारलं.

"मी."

"विमा संपत आलाय. तुझ्या वयाच्या पोरांचे दर माहितेत का?"

"स्वस्तातला शोधतो ना!"

समोर काका बसले होते. बाबांचे धाकटे भाऊ, धंदा रंगाच्या दुकानाचा, डोळा दादाच्या गाडीवर. "शोध की," ते म्हणाले. "नाही मिळाला तर मी आहेच. मागची सीट काढली की रंगाचे डबे छान मावतील."

आई उठून आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

म्हणजे ठरलं. स्वस्त विमा मिळाला तर गाडी घरात, नाहीतर काकांकडे, डब्यांसकट.

मी गाद्यांच्या दुकानात कामाला आहे. दुसऱ्या दिवशी कापसाच्या ढिगावर बसून मी एका विमा कंपनीला फोन लावला.

"वय?"

"अठरा."

पलीकडच्याने फोनवर हात ठेवला. मग तो कुणाला तरी म्हणाला, "अठरा आहे." मग दोघं हसले. मग त्याने आकडा सांगितला.

"अहो, एवढ्यात दुसरी गाडी येईल!"

"घ्या की. पण तिचाही विमा लागेल."

दुसऱ्या कंपनीतली मुलगी बोलायला गोड होती. "विद्यार्थी आहात का? विद्यार्थ्यांना सूट असते."

"होतो."

"कधीपर्यंत?"

"नववीपर्यंत."

"चांगले गुण असतील तर आणखी सूट आहे."

"आणि वाईट असतील तर?"

"तर शुभेच्छा."

मी त्याच संध्याकाळी पोहण्याच्या क्लासात नाव घातलं आणि पावती तिला पाठवली. तिने कळवलं की पोहणं हे शिक्षण धरता येत नाही. शिवाय गाडी चालवणारा माणूस पोहायला शिकतोय हे समजल्यामुळे दर थोडा वाढवण्यात आला आहे.

शेवटी दादाच्याच कंपनीच्या विमेवाल्या बाई घरी आल्या. दादाने गाडीत एक यंत्र बसवून घेतलं होतं. नीट चालवलं की ते गुण देतं, आणि गुणांवर हप्ता कमी होतो.

"तुमच्या मुलाला शंभरपैकी शंभर आहेत," बाई आईला म्हणाल्या. "पूर्वी पाच-सहा जायचे. पण हल्ली एकही चूक नाही. वेग नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही. कंपनीने त्यांना सर्वांत सुरक्षित चालक ठरवलंय."

बाबा चपलांकडे बघत राहिले.

"बाई, तो गेलाय," मी म्हटलं.

"माहितेय हो मला. मी कळवलंसुद्धा. पण चालक गाडी का चालवत नाही, याची यंत्रात तीनच उत्तरं आहेत. आजारपण, दुरुस्ती, नाहीतर लांबचा प्रवास." त्यांनी आवाज खाली आणला. "मी लांबचा प्रवास टाकलं."

"बरं केलंत," आई म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली.

मग बाईंनी नियम सांगितला. गुण माणसाचे नसतात, गाडीचे असतात. मी महिनाभर गाडी चालवायची. गुण नव्वदच्या खाली गेले नाहीत, तर दादाचाच दर मला. गेले, तर अठरा वर्षांच्या पोराचा.

"मग महिनाभर गाडी हलवूच नये," बाबा म्हणाले.

"तसं चालत नाही. रोज थोडी तरी फिरली पाहिजे. नाहीतर यंत्राला वाटतं, हाही चालक..." बाईंनी जीभ चावली आणि उगाच चहा गरम आहे म्हणाल्या.

मी लगेच किल्ली घेऊन निघालो. इथे एक अडचण होती. दादा चांगला उंच. त्याने सीट पार मागे सारून ठेवलेली. मी बुटका. माझा पाय ब्रेकला पोचायचा तो अंगठ्यापुरता. सीटखाली एक खटका असतो. तो ओढला की सीट पुढे येते. मी तो ओढला नाही. (का, ते विचारू नका. विमेवाल्या बाईंनी विचारलं, तर त्यांना मी पाठ दुखते म्हणून सांगितलं.)

अंगठ्याने ब्रेक हळू दाबता येत नाही. तो लागत नाही, किंवा सगळाच्या सगळा लागतो.

"अचानक ब्रेक. दोन गुण वजा," यंत्रातली बाई म्हणाली.

"अगं, कुत्रं आडवं आलं!"

"अचानक ब्रेक. दोन गुण वजा."

"तेच कुत्रं आहे!"

"चालकाचे लक्ष विचलित. एक गुण वजा."

"तुझ्याशीच बोलतोय ना!"

"चालकाचे लक्ष विचलित. एक गुण वजा."

गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत अजून तीनदा घाबरून हॉर्न वाजवला, तोही महागात पडला. उरले एक्क्याण्णव. मी घाम पुसला, इंजिन बंद केलं आणि बाबांना फोन करून गाडी ढकलायला बोलावलं.

आणि ढकलताना चमत्कार झाला. यंत्रातली बाई गप्प! तिकडे काटा मात्र अंतर मोजत होता. गाडी चालत होती, चूक होत नव्हती. एवढी मोठी कंपनी, पण गाडी माणसं ढकलतील हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. (माझ्या आलं. नववी नापास असल्याचा पहिला फायदा.)

मग महिनाभर रोज संध्याकाळी आमची वरात निघायची. आत मी, मागे बाबा, आई आणि दुकानातले दोघं. काकाही यायचे, पण ते पुढे चालून रस्ता मोकळा करायचे. आपल्या होणाऱ्या गाडीला ओरखडा नको, ही काळजी.

"बंद पडली का हो?" लोक विचारायचे.

"नाही, चांगली आहे," बाबा धापा टाकत सांगायचे.

"मग ढकलता कशाला?"

"विमा स्वस्त पडतो."

एकाने थोडा विचार केला आणि विचारलं, "कोणती कंपनी?"

शेवटच्या संध्याकाळी आमचा नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला होता. उरला दवाखान्याकडचा. त्या रस्त्याने आम्ही कुणीच जात नव्हतो, त्यामुळे तिथे एवढा उतार आहे हे सगळेच विसरलो होतो. वळणावर गाडी हातची सुटली. आरशात मागची मंडळी लहान लहान होत गेली, आणि समोर काका, पाठमोरे, लोकांना हाताने बाजूला सारत.

"काका!" मी ओरडलो.

"येऊ दे, येऊ दे!" मागे न बघता काका म्हणाले.

आता बघा. ब्रेक दाबला तर दोन गुण जातात आणि गाडी काकांची होते. नाही दाबला तर गाडी राहते, काका जातात. खोटं कशाला बोलू, क्षणभर मी विचार केला.

मग सीटवरून घसरत, जवळजवळ आडवा होऊन, मी अंगठा दाबला. गाडी काकांच्या पँटला टेकून थांबली.

"अचानक ब्रेक. दोन गुण वजा. एकूण गुण, एकोणनव्वद."

काका बॉनेटवरच बसले. "पोरा, जीव वाचवलास रे माझा," ते म्हणाले. थोडा श्वास घेतला. "किल्ली आत्ता देतोस, की सकाळी येऊ?"

आणि मी रडायला लागलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, तेही भर रस्त्यात, स्टिअरिंगला कपाळ टेकून. लोकांना वाटलं, विम्यासाठी रडतोय.

आई धापा टाकत आली. दार उघडलं. "सरक," म्हणाली.

मी बाजूच्या सीटवर सरकलो. ती बसली. तिने खाली हात घातला, खटका शोधला आणि ओढला. खट्. सीट पुढे आली. मी बघत होतो, काका बघत होते. मग तिने इंजिन सुरू केलं, मान वळवली आणि आख्ख्या गर्दीतून गाडी उलटी, चढावर, नेऊन ठेवली. यंत्रातली बाई हूं की चूं नाही.

"आई, तुला येते?"

बाबा खिडकीशी आले. "लग्नाआधी पावाची व्हॅन चालवायची ती. मी खाली येता येता वाचलो, तशी तर ओळख झाली आमची."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. मग सीटवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "आणि हे मलाही आजच जमलं बघ."

सकाळी विमेवाल्या बाई आल्या. आईने कपाटातून लायसन काढलं. ओळखपत्र म्हणून लागतं, त्यामुळे वेळोवेळी नवं केलेलं.

"अपघात?"

"एकही नाही."

"केव्हापासून?"

"लग्नापासून."

"आणि गाडी केव्हापासून चालवताय?"

"कालपासून."

बाईंना भरून आलं. असा चालक कंपनीने पाहिलाच नव्हता. त्यांनी दर सांगितला, तेव्हा बाबांनी तो दोनदा विचारला आणि काका चहा न पिताच उठले.

"अजून एक सूट आहे," बाई म्हणाल्या. "गाडीत मूल असलं की आया जपून चालवतात. मुलं किती तुम्हाला?"

आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

"गाडीत बसणारी विचारतेय," बाई घाईने म्हणाल्या.

"एक," आई म्हणाली. "रोज सकाळी सोडायचं असतं त्याला."

"अहो, मी अठरा..."

"यंत्र वय विचारत नाही," बाई म्हणाल्या.

"गप्प बस," आईबाबा एकदम म्हणाले.

तर आता गाडी आमच्याच दारात आहे. आई चालवते. वळण घेताना खालचा ओठ दाताखाली धरते, अगदी दादासारखा. की दादाच तिच्यासारखा धरायचा, कुणास ठाऊक. मला हे नीट दिसत नाही, कारण नियमाप्रमाणे मी मागे बसतो. निघताना यंत्रातली बाई सांगते, "मूल मागे बसले आहे. मागची दारे बंद करण्यात आली आहेत." ती आतून उघडत नाहीत. दुकानापाशी आई उतरते, वळसा घालून येते, दार उघडते आणि सगळ्यांसमोर मला बाहेर काढते.

परवा मालक दारातच उभे होते. त्यांनी मला आत घेतलं आणि आईला विचारलं, "संध्याकाळी न्यायला तुम्हीच येणार ना? नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती सोडत नाही आम्ही."