पुरावा जोडावा

"पगार किती?" बायकोने विचारलं.

"पगार कसला? सेवा आहे ती," फूटपट्टी म्हणाला आणि त्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर अशा थाटात मांडला की जणू ऑफिसच उघडलं.

"म्हणजे पगाराची नोकरी गेली म्हणून आता फुकटची धरलीस."

फूटपट्टी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो दुसऱ्यांच्या आलेखांवर पट्टी ठेवून रेघ कुठे तिरकी गेली ते दाखवत हिंडायचा, तेव्हा वर्गाने ते नाव त्याला चिकटवलं. पुढे बेअरिंगच्या कारखान्यात तो गुणवत्ता तपासनीस झाला. दिवसभर चुका काढायच्या आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, याहून सुखाचं काम त्याच्यासाठी दुसरं नव्हतं. मग कारखान्याने तपासणीसाठी कॅमेरा आणला. कॅमेरा थकत नाही, चहाला उठत नाही आणि साहेबांच्या कागदात खोट काढत नाही. फूटपट्टीला नारळ मिळाला.

तेव्हापासून घर बायकोवर चाललं होतं. ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळची पाळी होतीच, आता दुपारचीही घेतली होती. संध्याकाळी घरी आली की ती आधी पाय कोमट पाण्यात सोडून बसायची, मग बोलायची.

ही नवी सेवा म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा नोकरी-धंद्याचा ग्रुप. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या शेठने तो काढला होता आणि त्याला एक हौशी मॉडरेटर हवा होता. कुणी नवी पोस्ट लिहिली की ती आधी मॉडरेटरकडे यायची, त्याने मंजूर केली तरच इतरांना दिसायची; खालची उत्तरं तेवढी थेट जायची. फूटपट्टीने हात वर केला तो उगीच नव्हे. नोकरीची जाहिरात आली तर ती सगळ्यांत आधी त्याला दिसणार होती.

"म्हणजे चोरून वाचणार?" बायको म्हणाली.

"चोरून नाही. आधी."

"त्यापेक्षा सरळ लिही ना तिथे, काम हवंय म्हणून. मीही त्याच कॉलेजातली, सगळ्यांना ओळखते. सगळे आपलेच आहेत."

"आपलेच आहेत म्हणून तर लिहवत नाही."

ग्रुपवर त्याच्या नावापुढे 'स्वतंत्र सल्लागार' असं लिहिलेलं होतं. पन्नाशीतला माणूस स्वतंत्र सल्लागार झाला, की तो सकाळी अकरा वाजता घरी सापडतो हे खुशाल समजावं. पण लोक भले असतात, विचारत नाहीत.

काम हातात आलं आणि फूटपट्टीच्या अंगात जुना तपासनीस संचारला. त्याने नियम केले. मग नियम कसे वाचावेत याचे नियम केले. मॉडरेटरने स्वतःची पोस्ट स्वतः मंजूर करू नये, असाही एक केला, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. पहिला फटका बसला भौतिकशास्त्राच्या बाईंना. निवृत्त झाल्यापासून त्या रोज एका फुलाचं चित्र आणि खाली 'शुभ सकाळ' पाठवायच्या. त्याने ते 'व्यावसायिक आशय नाही' असा शेरा मारून परत केलं. बाईंचा फोन आला.

"काय रे फूटपट्टी, माझं फूल परत पाठवलंस?"

"बाई, नियम आहे. नोकरी-धंद्याचंच टाकायचं."

"मी एकटी राहते रे. सकाळी उठले, एवढं चार जणांना कळवणं हाच आता माझा धंदा."

"नियमात नाही बसत, बाई."

"बरोबर आहे तुझं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

आणि मग बंब्याची जाहिरात आली. वर्गातला सगळ्यात जाड मुलगा तो बंब्या, आता त्याचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. 'गुणवत्ता विभागाला प्रमुख पाहिजे. अनुभवी. वयाची अट नाही. ताबडतोब.' फूटपट्टी खुर्चीत सरसावून बसला. जाहिरात अजून जगात कुणीही वाचलेली नव्हती. फोन बाजूलाच पडलेला होता. कुठल्याही शहाण्या माणसाने तो उचलला असता. पण फूटपट्टीच्या नजरेला आधी दिसलं ते हे, की जाहिरातीत कामाचे तास दिलेले नाहीत. त्याने ती परत पाठवली.

"अरे देवा!" बायकोने कपाळाला हात लावला. "फोन करायचा सोडून?"

"जाहिरातच मंजूर नाही, तिला अर्ज कसा करणार?"

बंब्याने तास घालून पाठवली. 'अनुभवी म्हणजे किती वर्षे?' असं विचारून फूटपट्टीने परत केली. बंब्याने वर्षंही घातली. 'ताबडतोब म्हणजे कोणत्या तारखेपासून?' असा शेरा गेला. त्यानंतर काहीच आलं नाही. चार दिवस फूटपट्टी पडद्याकडे डोळे लावून बसला आणि पाचव्या दिवशी त्याने एकदाचा फोन केला.

"ती जाहिरात? गेली चुलीत!" बंब्या म्हणाला. "कंटाळून मेहुण्यालाच बसवला खुर्चीत. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आला तरी. खरं सांगू? मी तुलाच विचारणार होतो. पण म्हटलं, हा पडला मोठा सल्लागार, आपल्याकडे कशाला येतोय?"

आलो असतो रे, हे फूटपट्टीच्या अगदी ओठांवर आलं. "हो ना, वेळच नसतो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने ग्रुपवर नुसतं थैमान घातलं. कुणाचं दुकान उघडलं, त्याला पत्त्यात खुणेची जागा नाही म्हणून परत. कुणाला बढती मिळाली, तिला बढतीचा पुरावा नाही म्हणून परत. लोक वैतागले आणि शेठकडे गेले. शेठचा निरोप आला, 'जरा सैल सोड. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.' फूटपट्टी तो निरोप बराच वेळ वाचत राहिला. पगाराच्या नोकरीतून माणसाला काढतात, ते समजू शकतं. फुकटच्या नोकरीतूनही काढणार म्हणजे झालंच की!

संध्याकाळ झाली होती. बायको समोरच्या खुर्चीत पाय टबात सोडून डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात एक निनावी पोस्ट आली. तशी सोय ग्रुपवर होती, लिहिणाऱ्याचं नाव मॉडरेटरलाही दिसायचं नाही.

"ऐक, ऐक, काय एकेक नग असतात!" फूटपट्टीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'माझ्या ओळखीतल्या एका अनुभवी गुणवत्ता तपासनीसांना काम हवं आहे. अत्यंत प्रामाणिक. नजरेतून चूक सुटत नाही. स्वभावाने शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारे. जिथे जातील तिथलं सोनं करतील.'"

"मग? चांगलं लिहिलंय की," बायको डोळे न उघडता म्हणाली.

"काय चांगलं? तपासनीस आणि शांत! आणि एवढा गुणाचा पुतळा असेल, तर घरी का बसलाय?"

"असेल एखाद्याचं नशीब."

"नशीब नाही, थापा आहेत," असं म्हणत त्याने शेरा टाइप केला: 'वर्णन अतिशयोक्त. पुरावा जोडावा.' आणि ठणकन नामंजूर केलं.

टेबलावर पडलेला बायकोचा फोन टिंग करून वाजला.

तिने डोळे उघडले, फोन घेतला, वाचला आणि त्याच्यासमोर सरकवला. त्याचाच शेरा होता.

"तू लिहिलंस?" फूटपट्टी म्हणाला.

"हो."

"अगं, पण शांत?"

"एक शब्द पदरचा घातला. बायकोला तेवढी सूट नाही का तुझ्या नियमात?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. मी थकलेय रे. दिवसभर उभं राहून पाय माझे राहिलेले नाहीत." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि नामंजूर केलंस त्याचंही काही नाही. वाटलं होतं, निदान स्वतःला तरी ओळखशील."

यावर फूटपट्टीकडे कुठलाच नियम नव्हता. त्याला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. तो उठला, टबातलं गार झालेलं पाणी बदलून आणलं आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसला. पोस्ट पुढ्यात घेऊन त्याने 'शांत' काढलं, 'सांभाळून घेणारे' काढलं, सोनंही काढलं. मग आपल्या नावाने लिहिलं, 'मी सल्लागार वगैरे कुणी नाही. कारखान्याने मला काढलं आहे. हट्टी आहे, किचकट आहे, पण चूक दिसते. काम हवं आहे. पुरावा म्हणून ज्यांच्या पोस्ट मी परत पाठवल्या, त्यांना विचारावं.'

ते लिहून त्याने मंजुरीच्या बटणावरून हात मागे घेतला.

"आता काय?" बायकोने विचारलं.

"मॉडरेटरने स्वतःची पोस्ट मंजूर करू नये, असा नियम आहे."

"कोणी केलाय?"

"मीच." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "तू दाब."

तिने दाबलं.

ग्रुपवर आधी काहीच हललं नाही. आता सगळ्या जगाला कळलं, आणि जग गप्प आहे, असं फूटपट्टीला वाटायला लागलं. मग पहिलं उत्तर आलं, दुकानवाल्याचं. 'पुरावा जोडत आहे. पत्त्यात खरंच घोळ होता. माल चुकीच्या गल्लीत गेला.' दुसरं बढतीवाल्या बाईचं होतं. 'पुरावा मागितला म्हणून साहेबांकडे गेले, तर बढतीचा कागदच निघालेला नव्हता. आता निघाला.' मग ज्याला ज्याला त्याने छळलं होतं, तो तो येऊन आपलं गाऱ्हाणं प्रशस्तिपत्रासारखं टाकून जायला लागला. शेठने लिहिलं, 'तक्रारींचा ढीग माझ्याकडे आहे. सगळा जोडू का?'

मंजुरीसाठीही एक पोस्ट येऊन थांबली होती. बाईंची. गुलाबाचं चित्र आणि खाली शुभ सकाळ. व्यावसायिक आशय नव्हता, आणि बाहेर तर दिवेलागण होत आली होती. फूटपट्टीने शेरा न मारता मंजूर केली.

सगळ्यात शेवटी बंब्या आला. 'गाढवा, आधी बोलायचंस! आता मेहुण्याला उठवलं तर घरात महाभारत होईल. प्रमुखाची जागा गेली. त्याच्या हाताखाली येतोस का? पंप उलटे बसवून पाठवलेत त्याने. ताबडतोब ये.'

फूटपट्टीने चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि टाइप करायला घेतलं, 'हुद्दा, कामाचे तास आणि ताबडतोब म्हणजे नेमकं कधी, हे आधी'

बायकोने ओले पाय तसेच जमिनीवर टेकवले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, ते सगळं पुसलं आणि 'येतो' एवढंच लिहून पाठवून दिलं.