मध्यम चढ

फ्रान्समधला कुठलाही डोंगर अर्जुनअप्पा पुलात मोजतात. पूल म्हणजे आमच्या सोसायटीजवळचा उड्डाणपूल. सुरत सपाट आहे, त्यामुळे आमच्या भागात चढ म्हणावा असा तेवढाच. मी मोबाइलवर फ्रान्सचा नकाशा उघडून एखाद्या रस्त्याची उंची सांगितली की अप्पा डोळे मिटतात, बोटांवर हिशेब करतात आणि निकाल देतात, "साडेचाळीस पूल. जमेल."

अप्पा आमचे शेजारी. वडील ज्या लूमखात्यात कामाला आहेत, तिथेच अप्पा बिघडलेले माग दुरुस्त करतात. मूळचे अमळनेरकडचे. काकू पाच वर्षांपूर्वी वारल्या, तेव्हापासून एकटेच राहतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून मला इंग्रजी येतं असा सोसायटीत समज आहे. तो समज खरा नाही. पण हे अप्पांना सांगायचा धीर मला वेळेवर झाला नाही आणि माझे रविवार गेले.

तीन हिवाळ्यांपूर्वी बारडोलीच्या रस्त्यावर अप्पांना एक म्हातारं फ्रेंच जोडपं भेटलं, पियेर आणि मादलेन. सायकलवर हिंडत होते, आणि पियेरचं कॅरियर तुटलं होतं. अप्पांनी मागाच्या चामडी पट्ट्यानं ते बांधलं आणि दोघांना घरी आणून स्वतःच्या हातची शेवभाजी खायला घातली. मादलेननं डोळे पुसत पुसत दोनदा मागून घेतली. निघताना माझा मेलचा पत्ता घेऊन ती दोघं म्हणाली, एकदा आमच्या डोंगरात सायकल चालवायला या. अप्पा म्हणाले, "येतो."

असं सगळेच म्हणतात. पण गेल्या दिवाळीत पियेरची मेल आली. मादलेन गेली होती. सायकल पडवीत टांगून टाकली आहे, आता कुठे जावंसं वाटत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मी चाचरत वाचून दाखवलं. "फार वाईट झालं म्हणून लिख," एवढं सांगून अप्पा उठून गेले. पुढच्या रविवारी वही घेऊन हजर.

"लिख भाऊ. मी येतोय म्हणावं. पाच दिवस सायकल चालवायची. रस्ता मध्यम पाहिजे."

"अप्पा, त्यांची बायको वारली आहे."

"ते लिहिलं ना तू मागच्या वेळी? आता रस्त्याचं लिख."

मला फार लाज वाटली, पण लिहिलं.

मध्यम हा अप्पांचा लाडका शब्द. "माग मध्यम चालवावा, धागा तुटत नाही." चहा मध्यम, पंखा मध्यम. आणि या मध्यम रस्त्यासाठी त्यांचे प्रश्न मात्र संपत नाहीत. चढाआधी पाणी भरायला नळ आहे का? कुत्री अंगावर येतात का? पंक्चर कोण काढतं? चढताना किती वेळा खाली उतरावं लागतं? मी मोबाइलवर भाषांतर करून पाठवायचो, आणि बिचारा पियेर सायकल खाली काढून, प्रत्यक्ष जाऊन, बघून कळवायचा. नळ चर्चच्या बाहेर आहे. तिसऱ्या वळणावर कुत्रा आहे, पण त्याला दात नाहीत. दोनदा उतरलो.

इकडे अप्पांचा सराव चालू. सकाळी कॅरियरवर साडीच्या कापडाचे दोन ताके बांधून पूल चढायचे. एकदा ट्रॅफिक पोलिसानं हटकलं. अप्पांनी सांगितलं, फ्रान्सची तयारी आहे. तो म्हणाला, "काका, फ्रान्स आ बाजू नथी. आ बाजू तो बारडोली छे."

सगळं खरं, पण अप्पांकडे पासपोर्ट नाही. अर्जसुद्धा केलेला नाही. मी विचारलं की म्हणायचे, "आधी रस्ता ठरू दे." आठ महिने झाले, रस्ता ठरेना. माझी परीक्षा तोंडावर आली, आणि तिकडे एक सत्तरीचा माणूस न होणाऱ्या प्रवासासाठी डोंगर चढत होता. हे फसवणं आहे असं मला वाटू लागलं. शेवटी अप्पांना न विचारता मी पियेरला लिहून टाकलं, की अप्पांकडे पासपोर्ट नाही, ते येतील असं वाटत नाही, आणि तुम्हाला त्रास दिल्याबद्दल मी माफी मागतो.

चार दिवस उत्तर आलं नाही. रविवारी दुपारी अप्पा आले. "काय म्हनस आपला पियेरभाऊ? नदीपलीकडच्या चढाचं काय झालं?"

मी खाली बघत सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती.

अप्पा कॉटवर बसले. मांडीवर वही उघडली.

"तुझी काकू गेली," ते म्हणाले, "तेव्हा दुखवटा काढायला तुझे वडील आले, खात्यातली चार माणसं आली. नवी टोपी घातली, हाताला धरून घराबाहेर काढलं, थेट मागासमोर नेऊन उभं केलं. मी नको नको म्हणत होतो. सोडलंच नाही त्यांनी." मग वही मिटून म्हणाले, "त्याच्याकडे कोण गेलं असेल रे? मला तर तिथवर जाता येत नाही."

मोबाइल काढून मी पुन्हा मेल उघडली, निदान माफी तरी नीट मागावी म्हणून. उत्तर आलेलं होतं. मी भाषांतर करून मोठ्यानं वाचलं.

"पासपोर्ट नसेल, हे मला वाटलंच होतं. नदीपलीकडचा चढ बुधवारी चढून पाहिला. चार वेळा उतरलो. नंतर पाय दुखत होते, म्हणून लिहायला उशीर झाला. अप्पांना सांगा, हा रस्ता मध्यम नाही. उद्या सकाळी दुसऱ्या बाजूनं जाऊन बघतो."

अप्पांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"लिख," ते म्हणाले. "उपाशीपोटी नको निंघू म्हणावं."