खंजिराचा अंजीर

रहस्यकथाकाराचा सतरा वर्षांचा कॉम्प्युटर एका मंगळवारी सकाळी बंद पडला, तो कायमचाच. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला, आतली धूळ फुंकली आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात सांगितलं की, यंत्र गेलं, आणि त्यातला लिहायचा प्रोग्रॅम आता कुठल्याच नव्या यंत्रावर चालणार नाही. कथाकार दोन दिवस नीट जेवला नाही. त्याच प्रोग्रॅममध्ये त्याने एकोणीस कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि एकूण एक कादंबरीत खून खंजिरानेच झाला होता. पिस्तूल त्याला पटत नसे. पिस्तुलाचा फार आवाज होतो आणि वाचक दचकून पान सोडतो, असं त्याचं म्हणणं होतं.

लेकीने नवा लॅपटॉप आणला, पेनड्राइव्हमधली नव्या कादंबरीची प्रकरणं त्यात चढवली आणि बाबांना तासभर शिकवलं. नवा प्रोग्रॅम मोठा चिकित्सक होता. ज्या शब्दाशी त्याची ओळख नसे त्याखाली तो लाल रेघ मारी आणि आपल्या माहितीतला जवळचा शब्द सुचवी. पहिलं प्रकरण उघडलं तर पानभर रेघाच रेघा, आणि त्याही एकाच शब्दाखाली. साप्ताहिकात कादंबरी क्रमशः सुरू व्हायची होती आणि मजकूर दुपारपर्यंत द्यायचा होता. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उगवली. ती घालवायची म्हणून कथाकाराने चष्मा न लावताच हाताला लागलं ते बटण दाबलं. चौकट गेली, रेघाही गेल्या. यंत्राला अखेर आपली भाषा कळली, असं समजून त्याने मजकूर धाडून दिला.

ते बटण 'सगळीकडे बदला'चं होतं. त्यातून साप्ताहिकाचे मुद्रितशोधक नेमके मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते.

कथाकाराची बायको औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. शुक्रवारी अंक आला तो तिने काउंटरवर उभ्या उभ्या वाचला आणि घरी फोन लावला.

"अहो, एक विचारू? हा माणूस पाठीत अंजीर खुपसतो, म्हणजे नक्की काय करतो?"

कथाकाराने धावत जाऊन अंक आणला. 'अंधारात त्याने कमरेचा अंजीर उपसला. बोट फिरवून धार पाहिली.' तिसऱ्या पानावर इन्स्पेक्टर रक्ताळलेला अंजीर रुमालात गुंडाळून तपासणीला पाठवत होता. यंत्राने एकूण एक खंजिराचा अंजीर केला होता. सतरा वर्षांची अब्रू एका फळाने घालवली होती.

त्याने माफीपत्र लिहिलं, हाताने लिहिलं, आणि चार दिवसांनी धीर करून थेट संपादकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बाईंनी ते वाचलंच नाही. त्यांनी एक जाड पाकीट पुढे सरकवलं. आत एक्केचाळीस पत्रं होती. एका आहारतज्ज्ञ बाईंनी वाचकांचं लक्ष फळांकडे वळवल्याबद्दल आभार मानले होते. एका प्राध्यापकांना अंजिरात वासनेचं पिकणं आणि सडणं दिसलं होतं. एका नर्सरीवाल्याने तर येत्या रविवारी फळझाडांवर कथाकाराचं व्याख्यानच ठेवलं होतं.

"आता खंजीर आणलात तर लोक म्हणतील, लेखक घसरला," संपादकबाई शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या प्रकरणातही अंजीरच राहू द्या."

म्हणजे अंजिराने माणूस मरतो कसा, हे शोधणं आलं. कथाकाराने बायकोला विचारलं. ती म्हणाली, कच्च्या अंजिराच्या चिकाने फार तर खाज सुटते, त्यावर मलम मिळतं. मग तो ग्रंथालयात गेला. तिथे एका जाडजूड पुस्तकात त्याला कळलं की, काही जातींच्या अंजिरात एक चिमुकली गांधीलमाशी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत अंडी घालते आणि तिथेच मरते. कथाकाराने ते पान तीनदा वाचलं. बंद खोली, परतीची वाट नाही, आत एक प्रेत, आणि खोली बाहेरून गोंडस हिरवी. एकोणीस कादंबऱ्यांत त्याला असा खून एकदाही सुचला नव्हता.

रविवारी नर्सरीत खरं काय ते कबूल करून मोकळं व्हायचं, असं ठरवून तो गेला. पण समोरची माणसं पाहिल्यावर त्याने माशीपासूनच सुरुवात केली, आणि तीही रहस्यकथा सांगतात तशी. पंख तुटले तिथे तो पाणी प्यायला थांबला. तीस वर्षं अंजिराची रोपं विकणाऱ्या नर्सरीवाल्याने खुर्ची पुढे ओढली.

"मग?" तो म्हणाला.

असं 'मग' कथाकाराने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

चौथ्या प्रकरणात त्याचा खुनी बेपत्ता झाला आणि पाचव्यात इन्स्पेक्टर निवृत्त होऊन बागकाम करू लागला. पुढचं पुस्तक किड्यांवर निघालं, त्यापुढचं मुळांवर. किड्यांच्या नावांखाली लाल रेघा येतात म्हणून त्याने प्रोग्रॅम बदलला. दुसऱ्यात चित्रं जागेवर राहत नव्हती म्हणून तिसरा घेतला. शेवटी एक साधासुधा मिळाला, ज्याला शुद्धलेखनाबद्दल काहीही मत नव्हतं. त्याच्याशी त्याचं जमलं.

काही वर्षांनी विद्यापीठातली एक संशोधक घरी आली. लेखकाची साधनं आणि विषय काळानुसार का बदलतात, यावर तिचा प्रबंध होता. कथाकाराने तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं: बंद पडलेलं यंत्र, न लावलेला चष्मा, चुकीचं बटण. तिने वहीत एक अक्षरही लिहिलं नाही. सगळं ऐकून ती अदबीने म्हणाली,

"सर, गंमत पुरे. आता खरं कारण सांगाल का?"

कथाकाराने बायकोकडे पाहिलं. बायकोने नजर खिडकीबाहेर वळवली. मग त्याने घसा खाकरला आणि हिंसेचा आलेला वीट, मातीने घातलेली साद आणि जुनी अवजारं टाकल्याशिवाय नवी दृष्टी येत नाही हा साक्षात्कार, असं सलग वीस मिनिटं सांगितलं.

संशोधक मुलीने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. जाताना पाया पडली.

"बरं रचता की अजून," दार लावताना बायको म्हणाली.