माईक दिसलाच पाहिजे

मे महिन्याच्या दुपारी वालचंदनगरच्या कॉलनीत गुडघ्यापर्यंतचा काळा रेक्झिनचा कोट घालून दूध आणायला निघालेला माणूस दिसला, तर ते सुदामआबा समजावेत. केस टोपल्यासारखे फुगवलेले, गळ्यात पितळी साखळी. कोणी हटकले की ते डोळे बारीक करतात आणि भलत्याच दिशेला बघून उत्तर देतात, "चुकलं न्हाय, राव. मुद्दाम हाय."

आमच्या घरांची भिंत एकच, तरी हे 'मुद्दाम' मला फार उशिरा उमगले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे मारधाडीचे जुने चित्रपट असत. त्यांच्यातलाच एक नायक, चामड्याचा कोट घालून, वस्तीतल्या गुंडांना आणि लाचखाऊ पोलिसांना एकटा पुरून उरे. पुढे त्याच चित्रपटांची टर उडवणारे चित्रपट निघाले. आबांचा जीव या दुसऱ्या प्रकारात. त्यांत चुका मुद्दाम केलेल्या असतात: नायक संतापून उभा राहतो आणि संवाद टिपायला वर धरलेला माईक त्याच्या डोक्यावर आपटतो; ठोसा बसण्याआधीच गुंड पडतो. ज्याला मानायचे त्याचीच चेष्टा कशासाठी, असे मी एकदा हळूच विचारले.

"तो हिरो आपल्यातला वाटतो, म्हणून तर! परक्याची केली तर ती शिवी."

कोणाची चेष्टा करण्याइतका मी जवळचा आहे, हा प्रश्न मला त्यानंतर बरेच दिवस पुरला.

गेल्या वर्षी मंगलवहिनींच्या, म्हणजे आबांच्या पत्नीच्या, चेहऱ्यावरून वारे गेले. उपचारांनी चेहरा सावरला, पण हसताना ओठाचा एक कोपरा खाली राहू लागला. त्यांनी हसणेच सोडले. बोलतानाही पदर तोंडावर. पूर्वी आबांनी चित्रपट लावला की त्यांचे हसणे भिंतीपलीकडून ऐकू येई. आता नुसते इंग्रजी ऐकू येई.

एका रविवारी आबा दारात उभे. "साहेब, पिक्चर काढतोय. हिच्यासाठी. तुमी लाचखाऊ फौजदार."

"मला ओरडता येत नाही, आबा."

"म्हणून तर तुमी!"

वरकुट्याला, त्यांच्या गावी, उसाच्या बांधावर मोबाइलवर चित्रण झाले. पाठलाग ट्रॅक्टरवरून होता. आबा मागे पडत, म्हणून पळणाऱ्या गुंडाला, म्हणजे त्यांच्या मेहुण्याला, थांबून वाट पाहावी लागे. केरसुणीला काळा मोजा चढवून केलेला माईक प्रत्येक दृश्यात वरून लोंबे. मी "हरामखोर" म्हणालो आणि पाठोपाठ तोंडातून "क्षमा करा" निघून गेले. आबांनी ते आनंदाने ठेवून घेतले.

चित्रण जोडायला बारामतीत, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात दिले. दुकानदार भला माणूस. वयस्कर मंडळींची शोभा होऊ नये म्हणून त्याने माईक पुसून टाकला, ठोसे जुळवले, ट्रॅक्टर पळवला, माझी क्षमा कापली. शेवटी आबांभोवती लग्नातल्यासारख्या गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या.

हे आम्हाला कळले ते संध्याकाळी, गावातल्या विहाराच्या अंगणात पांढरी चादर बांधून चित्रपट सुरू झाल्यावर. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, पदर तोंडावर. कोणीही हसले नाही. चादरीवरचे आबा खरोखरच शूर दिसत होते.

"काय दिसतोय गडी! खराच हिरो की!" मागून एक तात्या म्हणाले. टाळ्या पडल्या.

आबांचा चेहरा उतरला. "सगळं नीट केलंय वो त्यानं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आता ती कशाला हसंल?"

एवढे बोलून ते उठले. विहाराच्या कोपऱ्यातला झाडू घेऊन त्यांनी प्रोजेक्टरच्या प्रकाशात धरला. त्याची सावली नायकाच्या डोक्यावर उतरली. चादरीवर नायकाने ठोसा उगारला आणि तो बसायच्या आत आबा स्वतःच धाडकन मातीत पडले. पडल्या पडल्या ओरडले, "फौजदार, बसलाय काय? क्षमा मागा!"

साऱ्या गावासमोर मी उभा राहिलो, चादरीवर शिव्या देणाऱ्या माझ्याच चित्राशेजारी, आणि हात जोडून म्हणालो, "क्षमा करा."

आधी वहिनींचे खांदे हलले. मग "अवो, पुरं की!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरले आणि पदर सुटला. हसणे वाकडे होते, मोठ्याने होते, आणि पदराकडे त्यांचा हात गेला नाही.

आबा उठून, झाडू धरून नुसते बघत राहिले. चित्रपटातल्या पाकळ्या प्रकाशासोबत त्यांच्या कोटावरून सरकत होत्या. डोळे पुसायचेही त्यांना भान नव्हते.

"थांबला व्हय?" वहिनी म्हणाल्या. "पडा की पुन्यांदा!"