डाव्या टायरची चौकशी

टायर वाचता येतो, असं मी माझ्या धाकट्या भावाला, सिद्धांतला, फोनवर अगदी ठामपणे सांगून टाकलं. अप्पा, आमचे वडील, गेले; त्यांचं पुण्यानुमोदन होऊन दीड महिना झाला होता. त्याचं म्हणणं, अप्पांचा ट्रक विकून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे, आणि पुढचा डावा टायर महिन्याभरात गुळगुळीत होतोय. असली गाडी दारात ठेवून करायचं काय? तो बेंगळूरला असतो. तिथून सगळं सोपं दिसतं. मी म्हटलं, चार रविवार दे. टायर का झिजतोय ते शोधून काढते. नाही सापडलं, तर खुशाल वीक.

मी धारवाडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, राहतेही तिथेच; आई अप्पांच्या घरी एकटी. कुठल्याही दुखण्यावर कुठल्या ना कुठल्या कपाटात एक पुस्तक असतंच, हा माझा जुना समज. अप्पांच्या आजारपणात तो फारसा उपयोगी पडला नाही. पण ट्रक म्हणजे काही माणूस नव्हे!

पहिल्या रविवारी वाहनदुरुस्तीचं जाडजूड पुस्तक काखेत मारून मी कमरीपेठेतल्या गॅरेजात गेले. बाबूसाब मिस्त्री बावीस वर्षं अप्पांची गाडी बघत आलेले. त्यांनी माझ्यासाठी स्टूल मागवलं आणि ते स्वतः पुसलं, जणू परीक्षा घ्यायला बाहेरून कोणी आलंय. मी बसले नाही. टायरवरून तळवा फिरवला. एका बाजूने मऊ, उलट्या बाजूने करवत. मी जाहीर केलं की पुढची चाकं बदकाच्या पायांसारखी बाहेर फाकली आहेत. बाबूसाब म्हणाले, हे त्यांना गाडी गल्लीत वळतानाच कळलं होतं, पण अक्कांनी, म्हणजे मी, सांगितलं ते बरोबर आहे. मग ते खाली शिरले, दोन चाकांना जोडणारा दांडा सैल केला, माप घेतलं, चाकं सरळ केली. मी तिथूनच सिद्धांतला फोन लावला.

दुसऱ्या रविवारी करवत परत आली होती.

या वेळी मी किंगपिनवर बोट ठेवलं. चाक ज्या खुंटीवर वळतं ती खुंटी. चाक जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलवायचं. ढिलं लागलं तर दोष तिथे. कृती पुस्तकात चित्रासह होती. मी पदर खोचला आणि सगळं बळ लावून चाक हलवलं. चाक जागचं हललं नाही, मी हलले, आणि जळक्या ऑईलच्या घमेल्यात बसले. बाबूसाबांनी तोंड फिरवून चिंधी पुढे केली. किंगपिन थोडी ढिली निघाली, हे मात्र खरं. बदलली. गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली, स्टिअरिंग सोडून पाच आकडे मोजले. शाळेला निघालेल्या शहाण्या मुलीसारखी सरळ गेली.

तिसऱ्या रविवारी दांडाच वाकलेला. बाबूसाबांनी तो हातात फिरवून बघितला. मग म्हणाले की हा काही आपोआप वाकलेला नाही. कोणीतरी चाक रोज कशावर तरी आपटतंय.

कोणीतरी म्हणजे बाळकृष्णअण्णा. अळणावरकडचा माणूस, वर्षानुवर्षं अप्पांचा क्लीनर, आता ड्रायव्हर. इतका मवाळ, की हॉर्न वाजवल्यावर स्वतःच ओशाळतो. मी त्यांना एक वही दिली आणि आठवड्यात चाक जिथे जिथे आदळेल तो प्रत्येक खड्डा वेळेसह लिहायला सांगितलं. चौथ्या रविवारी वही आली. एकेचाळीस खड्डे! एकट्या लॅमिंग्टन रोडवर सात. त्याच रस्त्याने मी सकाळी चालत आले होते. तिथे एकही नव्हता.

खोटं बोलणारा माणूस एवढ्या सुंदर अक्षरात बोलतो, याचाच मला जास्त राग आला. सिद्धांतने गिऱ्हाइकाला शुक्रवारी बोलावलं होतं. मी बुधवारी रजा टाकली, आईला न कळवता आमच्या घरासमोरच्या गोदूबाईंच्या खिडकीत जाऊन बसले आणि वाट बघत त्यांचे शेंगदाणे संपवले.

साडेपाचला गाडी गल्लीत आली. आमच्या दाराची दगडी पायरी गल्लीत पुढे आलेली आहे. अप्पांचा गुडघा गेल्यापासून ते केबिन पायरीला लावायचे, सीटवरून डाव्या बाजूला सरकायचे आणि थेट पायरीवर पाय ठेवायचे. दगड आणि टायर यांत बोटभर अंतर. हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. बाळकृष्णअण्णांना मात्र ते बोट साधत नव्हतं. त्यांनी चाक ठक्कन पायरीवर चढवलं, जागच्या जागी करकरत वळवलं, उतरवलं, पुन्हा आपटलं.

मी तावातावाने उठले. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली.

बाळकृष्णअण्णा सीटवरून सरकत डाव्या दाराशी आले आणि गुडघा धरून सावकाश उतरले. चिंचेच्या झाडावर सरसर चढणारा माणूस!

"गुडघा कसा आहे आज?" आईने विचारलं.

"बरा आहे, अव्वा."

आईने त्यांच्या हातात पेला दिला आणि स्वतःचा घेऊन उंबऱ्यावर बसली. चहा संपल्यावर भाकरी थापायला आत गेली. तेव्हा मी समोर गेले. मला बघून बाळकृष्णअण्णांचा चेहरा उतरला. अप्पा गेल्यावर सुरुवातीला ते गाडी मोठ्या रस्त्यालाच लावायचे, म्हणाले. पण आई दारात बसून राहायची. गाडी आली नाही तर चूल कशाला, म्हणायची. पाच दिवस शेजाऱ्यांनी पाठवलेलं ताट तसंच परत गेलं. सहाव्या दिवशी त्यांनी गाडी इथे आणली.

"चाक दगडाला लागलं आणि अव्वा उठून आत गेल्या. पीठ मळायला घेतलं. आता तुम्हीच सांगा अक्का, मी गाडी कुठं लावू?"

मी वाकून दगड आणि टायर यांतलं अंतर बघितलं. म्हटलं, निदान ते बोटभर अंतर तरी शिकवावं. गुरुवारी मी गल्लीत उभी राहून हाताने खुणा केल्या. या, या, आणखी, बस! अगदी अप्पांसारखी गाडी थांबली. दगडाला धक्का नाही, आवाज नाही.

आई बाहेर आली नाही.

आम्ही दोघं थांबलो. आत भांडंसुद्धा वाजत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, घ्या अजून डावीकडे." चाक ठक्कन चढलं. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

मग सिद्धांतला फोन केला. कारण सापडलंय, पण ते दुरुस्त होणारं नाही, असं म्हणून सगळं सांगितलं. त्याने आधी आईचं विचारलं.

"आई जेवते?"

"हो. दोन भाकऱ्या."

"गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो. टायर मागवलास?"

"एक मागवलाय."

"एक कशाला," तो म्हणाला, "दोन मागव."