मिळाले म्हण

आमच्या लातुरात सत्तारभाईंच्या स्टुडिओतून फोटो घेऊन नुसतं निघता येत नाही. पाकीट हातात पडलं की मोठ्यानं ‘मिळाले’ म्हणावं लागतं. न म्हणता सटकणाऱ्याच्या मागे सत्तारभाई स्वतः जातात.

मी शेजारच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. फॉर्मची शेवटची तारीख उजाडल्याशिवाय आमच्या पोरांना फोटोची आठवण होत नाही, आणि मग तो दोन मिनिटांत हवा असतो. सत्तारभाईंना ती दोन मिनिटंही जास्त वाटतात. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलंय, ‘बसू नका. झालाच.’ दुकानात गिऱ्हाइकासाठी खुर्चीच नाही.

घरी त्यांनी कढीपत्ता लावला आणि मुळं धरली का ते बघायला रोज उपटला. मोबाइलचं कव्हर मागवलं तेव्हा पार्सलवाल्याची गाडी नकाशावर सरकताना बघत दुपारभर मला समालोचन ऐकवलं. “सर, रेणापूर नाक्यावर आला. थांबला. का थांबला? चहा पिऊन राहिला बघा.” शेवटी दुकानाला कुलूप लावून स्कूटरवर नाक्याला गेले. तेवढ्यात पार्सलवाला इकडं आला आणि कुलूप बघून परत गेला.

‘उद्या’ हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची सोय नाही.

मागच्या महिन्यात मी फळ्यावर लंबक काढत होतो. दीडशे पोरांसमोर सत्तारभाई सरळ आत आले. “सर, एक मिनिट. तिसऱ्या बाकावरची चष्मेवाली फोटो विसरून आली.” पाकीट पोचलं. “मिळाले म्हण.” ती बिचारी म्हणाली. वर्ग जो हसायला लागला तो तास संपेपर्यंत. माझा लंबक तसाच लोंबकळत राहिला.

तास सुटल्यावर मी तडक दुकानात गेलो. “उद्या नेले असते तिनं. आभाळ कोसळणार होतं का?”

सत्तारभाईंनी खणातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत रंग उडालेला फोटो. नवरा, बायको आणि स्वतःचं टोपडं ओढणारं बाळ.

“किल्लारीकडचे,” ते म्हणाले. “तवा रोल संपल्याबिगर धुवायला देत नव्हतो. छत्तीसातले चार बाकी होते. बाई म्हणली, बाळाच्या आजीला दाखवायचाय, आज देता का? मी म्हणलो, परवा या.”

मधल्याच पहाटे भूकंप झाला होता.

“पाकीट घेऊन पत्र्याच्या शेडांतून लई फिरलो, सर. दिसंल त्याला दाखवलं. घेणारं कोणीच न्हाई भेटलं.” त्यांनी फोटो माझ्याकडून घेतला, बाहीनं पुसला, खणात ठेवला. “चारच फोटो. माझेच काढले असते तरी रोल संपला असता.”

मला माझ्या चढ्या आवाजाची फार लाज वाटली. मी वर्गावर परत आलो.

काल सत्तारभाई पुन्हा वर्गाच्या दारात उभे होते, हातात पाकीट. मी खडू खाली ठेवला आणि ज्याचं होतं त्या पोराला उठवलं. त्यानं पाकीट घेतलं आणि तसाच खाली बसायला लागला.

“मिळाले म्हण,” मी म्हणालो.